राणीच्या बागेत बाबांना उर्वशीचं झाड दाखवायचंय. कसं ओळखायचं?

लालबागची लेक

नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी आम्ही पाच जण डोंबिवलीहून राणीच्या बागेत जाणार आहोत. मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि माझे बाबा. बाबांना शहात्तरावं लागलंय. गुडघे दुखतात, पण काठी टेकत वीस-पंचवीस मिनिटं सलग चालतात. मग मात्र बसावं लागतं.

दिवाळीच्या सुट्टीतही गेलो होतो. तेव्हा सगळा दिवस मुलांच्या मागे गेला. पेंग्विन, पाणघोडा, पक्षी, पुन्हा एकदा पेंग्विन. बाबा एका बाकावर बसून होते. परतीच्या लोकलमध्ये चिंचपोकळी गेल्यावर म्हणाले, "झाडं राहिली." एवढंच. मला ते फार लागलं.

का लागलं ते सांगते. बाबा लालबागच्या चाळीत वाढले आणि पुढे तिथल्याच एका गिरणीत लागले. ८२च्या संपात काम गेलं आणि आम्ही डोंबिवलीला आलो, मी तेव्हा कडेवर होते. बाबांचे थोरले काका राणीच्या बागेत माळी होते. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. शाळेला सुट्टी असली की अण्णांचा डबा घेऊन बाबा लालबागहून चालत बागेत जायचे. इतर मुलं हत्तीवर बसायची. तेवढे पैसे बाबांकडे नसायचे. मग अण्णा त्यांना एका झाडाखाली बसवायचे आणि कामाला लागायचे. त्या झाडाचं नाव बाबा 'उर्वशी' सांगतात. लाल फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबायचे म्हणे. खाली पडलेलं एखादं फूल अण्णा पुतण्याच्या टोपीत खोचायचे. तोडलेलं कधीच नाही, पडलेलंच.

आणि अण्णांचं एक वाक्य बाबांच्या अजून लक्षात आहे. "हिला पोर होत नाही. हिचा वंश आपल्या हातांनी बांधावा लागतो." याचा अर्थ बाबांनी तेव्हा विचारला नाही, आणि नंतर विचारायला अण्णा राहिले नाहीत.

तर जाणकारांना विनंती. हे झाड ओळखायचं कसं? जानेवारीत फुललेलं असेल का? त्या वाक्याचा अर्थ कुणाला लागतो का? आणि उर्वशीखेरीज आणखी कुठली झाडं बघण्यासारखी आहेत, जी बाबांना फार न दमवता मुलांनाही दाखवता येतील? या वेळी पेंग्विन शेवटी ठेवणार आहे.

भायखळा पूर्व

ताई, मी बागेपासून हाकेच्या अंतरावर राहतो. झाडांचं जाणकार सांगतीलच, मी वाटेचं सांगतो.

डोंबिवलीहून जलद गाडी पकडा, भायखळ्याला थांबते. पूर्वेला उतरा. बाग दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे, पण बाबांचे पाय बागेत लागणार आहेत, ते रस्त्यात खर्चू नका. टॅक्सी करा. निघण्याआधी मात्र स्टेशनाच्या जुन्या इमारतीकडे दोन मिनिटं बघू द्या त्यांना. मूळ रूपात आणण्याचं काम नीट झालंय, २०२२ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळालाय. बाबांना त्यांच्या तरुणपणचं भायखळा तिथे सापडेल.

बुधवारी बाग बंद असते, शनिवारी नाही. पण सकाळी दार उघडता-उघडता पोचा. आई-वडील आणि दोन लहान मुलं असं चौघांचं एकत्र तिकीट मिळतं, बाबांच्या तिकिटाचं खिडकीवर विचारा. पाण्याच्या बाटल्या घरच्या न्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा.

आणखी एक. आत शिरल्यावर संग्रहालयाच्या बाजूला दगडी हत्ती आहे, तो चुकवू नका. घारापुरीचा मूळ हत्ती तो. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते त्याच्यावरूनच. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो खाली पडला आणि फुटला. तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४ साली इथे जोडून उभे केले. मुलांना सांगा, सांधे शोधा. माझा नातू बोटाने एकेक सांधा दाखवत त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारतो. काळ्या घोड्याच्या चौकातला, घोड्यावर बसलेल्या राजा एडवर्डचा मूळ पुतळाही १९६५ साली इथेच आणून ठेवला. तुमचे बाबा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे असतील, त्यांना विचारून बघा आठवतंय का.

पानफुटी

लेकी, तुझा प्रश्न वाचला आणि चहा तसाच राहिला. मी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी नव्या वर्गाला घेऊन राणीच्या बागेत गेले. झाडांविषयी विचारत इथे येणारं माणूस विरळच. खरं तर ही बाग आधी झाडांचीच. १८६२ साली ती खुली झाली. त्याआधी शिवडीला एक बाग होती, ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि बाग इकडे आली. इथे तीन हजारांहून जास्त झाडं आहेत. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ब्रह्मदेश, मादागास्कर, कुठून कुठून आणून रुजवलेली. २००७ नंतर प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या नूतनीकरणाची योजना आली तेव्हा ही झाडं जातील म्हणून मुंबईतल्या काही बायकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, झाडांच्या याद्या केल्या, सह्या गोळा केल्या. ती योजना त्या रूपात झाली नाही. तुझ्या बाबांचं झाड अजून आहे, त्यात त्या बायकांच्या कष्टाचाही वाटा आहे.

आता अण्णांच्या वाक्याकडे येते, कारण ते मला फार आवडलं. अण्णा शब्दशः खरं बोलत होते. उर्वशीला शेंग क्वचितच धरते. फुलं भरभरून येतात, पण बी होत नाही म्हटलं तरी चालेल. मग नवं रोप कसं करायचं? गुटी बांधून. जिवंत फांदीची साल अंगठीसारखी काढायची, त्या जागी माती-शेण किंवा शेवाळ लावायचं, वरून तरटाने गुंडाळून सुतळीने बांधायचं. जुने माळी वर छिद्र पाडलेलं मडकं टांगायचे आणि त्यातून चिंधीची वात सोडायचे, म्हणजे थेंब थेंब पाणी गुटीवर पडत राहायचं. मुळं फुटली की फांदी कापून लावायची. हिचा वंश हातांनी बांधावा लागतो तो असा. तुझ्या अण्णांच्या हातांनी अशा किती गुट्या बांधल्या असतील!

ओळखायचं कसं? जागा मुद्दाम सांगत नाही. शोधू दे मुलांना, फारच झालं तर काम करणाऱ्या माळ्यांना विचारा, ते आनंदाने नेऊन दाखवतात. ओळख सांगते. झाड फार उंच नाही, माथा दाट आणि गोलसर. फुलांचा घोस हातभर लांब, देठासकट थेट खाली सुटलेला. फूल शेंदरी-लाल, आणि पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. हा ठिपका बघितलात की शंका राहत नाही. हिवाळ्यात फुलायला लागतं, त्यामुळे जानेवारीत एखादा तरी घोस मिळावा. फूल नसलं तरी कोवळी पानं बघ. तांबूस-जांभळी, मऊसूत, ओल्या रुमालासारखी खाली लोंबणारी. हात लावला तर पानात जीव नाही असं वाटतं. पान आधी वाढतं आणि हिरवेपणा नंतर भरतो, तेव्हा ते ताठ होतं.

नावाचंही सांगते. हे झाड ब्रह्मदेशातलं. १८२०च्या दशकात वॉलिच नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते तिथल्या एका मठाच्या बागेत पाहिलं. जवळच्या गुहेत बुद्धमूर्तींपुढे लोक ही फुलं वाहत होते. त्याने गव्हर्नर जनरलच्या बायकोचं, लेडी अ‍ॅमहर्स्टचं, नाव झाडाला दिलं. आपल्याकडे कुणीतरी उर्वशी म्हटलं आणि तेच शोभलं.

एक फसगत टाळ. सीतेच्या अशोकाचीही कोवळी पानं अशीच लोंबतात, दोघं एकाच कुळातले. पण त्याची फुलं फांदीला चिकटून गुच्छाने येतात, आधी केशरी आणि मग लाल होतात. सोसायटीच्या कुंपणाला उंच शिडशिडीत झाडं असतात त्यांना लोक अशोक म्हणतात, तो अशोक नव्हे. मुलांना दोन्ही शेजारी-शेजारी समजावलंस तर जन्मभर विसरणार नाहीत.

बाकी झाडांत गोरखचिंच आधी. आफ्रिकेतलं झाड, खोड रांजणासारखं फुगलेलं, कारण त्यात ते पाणी साठवतं. जानेवारीत पानं झडलेली किंवा झडत आलेली असतील, त्यामुळे फांद्यांचा आकार नीट दिसेल. फुलं रात्री उमलतात, पांढरी, तळहाताहून मोठी, आणि त्यांचं परागण वटवाघळं करतात. ते तुम्हाला दिसणार नाही, पण मुलांना सांग. कैलासपतीच्या खोडालाच फुलं येतात, शिवलिंगावर नागाने फणा धरावा तशी. त्याच खोडाला तोफगोळ्याएवढी फळं लटकतात. झाडाखाली उभे राहू नका, दोन पावलं मागूनच बघा. आणि कृष्णवड. त्याचं पान तळाशी दुमडून द्रोण झालेलं असतं. कृष्णाने लोणी लपवलं म्हणून पान वळलं अशी गोष्ट आहे. तुझ्या धाकटीला ती तिथेच सांग, झाडाखाली.

यापेक्षा जास्त बघू नका. एका फेरीत पाच झाडं पुरेत.

दोन पोरांची आई

पानफुटीताईंच्या उत्तरावर मी काय लिहिणार! पण मुलांचं एक सांगते, कारण माझा मुलगा 'झाड' म्हटलं की तोंड फिरवायचा.

मी एका वहीत प्रत्येक झाडाची एकच खूण लिहून दिली. नाव नाही. 'पान रुमालासारखं लोंबतं.' 'खोडालाच फूल येतं.' 'पानाचा द्रोण.' 'पोट सुटलेलं झाड.' शोधायचं त्याने, खूण जुळली की नाव मी सांगायचं आणि त्याने लिहायचं. पहिल्या दोन खुणा सापडेपर्यंत कुरकुर केली, तिसरीला मला मागे टाकून पळाला. गोरखचिंचेला किती जणांनी हात धरले म्हणजे वेढा पुरा होतो हे मोजायला लावा. आम्ही चौघं होतो, पुरलो नाही.

आजोबांसाठी घडीचं छोटं स्टूल न्या. बाक आहेतच, पण बाक हवा तिथे असेलच असं नाही, आणि तुमचे बाबा नेमके त्या झाडाखालीच बसू म्हणतील. मुलांना निघायच्या आधी पोटभर भाकरी-भाजी किंवा थालीपीठ खायला घाला, म्हणजे अकरापर्यंत भुकेचं नाव निघत नाही.

पेंग्विन शेवटी ठेवताय ते उत्तम. माझ्या मुलीला मी आधीच सांगून ठेवलं होतं की हे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे पेंग्विन आहेत, बर्फातले नव्हेत. मग तिचे प्रश्न आत शिरल्यावर जास्त रंगले.

लालबागची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. पानफुटीताई, तुमचं उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. गुटीचं आलं तिथे मला थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं. मग म्हणाले, "अण्णांच्या धोतराच्या सोग्याला कायम सुतळी बांधलेली असायची." पुढे काही बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र पुन्हा म्हणाले, "मडकं टांगलेलं मी पाहिलंय. मला वाटायचं, पाखरांना पाणी पिण्यासाठी आहे."

शनिवारनंतर लिहिते.

लालबागची लेक

जाऊन आलो. आज रविवार, पाय अजून बोलतायत, पण आधी इथे लिहायला बसले.

भायखळ्याला सकाळी सव्वानऊला उतरलो. स्टेशन बघून बाबा म्हणाले, "हे असं कधीच नव्हतं, आणि हे असंच होतं." नवरा हसला, पण मला कळलं. आमच्या लहानपणी जे काळवंडलेलं होतं, त्याखाली हेच होतं ना.

हत्तीचे सांधे मुलाने शोधले. काळ्या घोड्याचं बाबांना आठवत होतं. पुतळा हलवला त्याची चाळीत चर्चा झाली होती आणि अण्णा घरी येऊन म्हणाले होते, "राजा आमच्याकडे राहायला आलाय." ही गोष्ट मी बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली.

वहीतल्या खुणांची युक्ती अशी चालली की काय सांगू. गोरखचिंच सगळ्यांत आधी सापडली, धाकटीने लांबूनच ओरडून सांगितलं, "पोट सुटलेलं!" आम्ही पाच जणांनी हात धरले. बाबांनी काठी माझ्या खांद्याला अडकवली आणि दोन्ही हात लांब केले. कैलासपतीखाली फुलं पडलेली होती, फणा आणि पिंडी अगदी स्पष्ट. मुलाने वास घेतला आणि मग दर पाच मिनिटांनी तळहात हुंगत राहिला. कृष्णवडाचं गळलेलं एक पान मिळालं, धाकटीने त्या द्रोणात थोडं पाणी ओतून प्यायलं. मी नको म्हणेपर्यंत पिऊन झालं होतं.

उर्वशी मात्र सापडेना. बाबा म्हणायचे, "इथेच, या वळणाला," आणि तिथे दुसरंच काही असायचं. पासष्ट वर्षांत वाटा बदलल्या, कुंपणं बदलली. तिसऱ्यांदा चुकल्यावर ते गप्प झाले आणि मला भीती वाटायला लागली. शेवटी पालापाचोळा गोळा करणाऱ्या एका माळीकाकांना विचारलं. बाबांनी स्वतः विचारलं. नाव सांगितलं, आणि पुढे म्हणाले, "माझे काका इथेच माळी होते." त्या काकांनी झाडू बाजूला ठेवला आणि चालायलाच लागले. बाबांच्या चालीने चालले, पुढे गेले नाहीत.

झाडावर तीन घोस होते. तिन्ही उंचावर. पाकळीच्या टोकाचा पिवळा ठिपका खालून नीट दिसत नव्हता, मोबाइलमध्ये मोठं करून बघितला तेव्हा दिसला. पण रुमालासारखी पानं अगदी हाताशी होती. बाबांनी एक पान दोन बोटांत धरलं, ओढलं नाही, नुसतं धरलं. स्टूल मांडलं आणि ते तिथे चाळीस मिनिटं बसले. मुलं आजूबाजूला खेळत होती. हे अण्णांच्याच वेळचं झाड की नंतर लावलेलं, ते बाबांना ठरवता आलं नाही. माळीकाका म्हणाले, "यातलंच कुणाचं तरी असेल." गुटीने वाढवलेलं म्हणजे झाड तेच, नाही का पानफुटीताई? मला तसंच वाटत राहिलं.

पडलेलं फूल एकच होतं, जरा कोमेजलेलं. मुलाने ते उचलून आजोबांना दिलं. बाबा आता टोपी घालत नाहीत. ते फूल त्यांनी मुलाच्या टोपीत खोचलं. पेंग्विन बघताना ते तसंच होतं.

आता पुढचं. घरी आल्यापासून बाबा गॅलरीतल्या कुंडीतल्या डाळिंबाकडे बघतायत. त्यांना गुटी बांधायची आहे. कधी बांधलेली नाही, फक्त पाहिलेली आहे. आत्ता बांधली तर चालेल का? आणि मडकं टांगायलाच हवं का?

पानफुटी

हो, झाड तेच. बियांपासून झालेलं रोप आई-बापांपेक्षा वेगळं असतं. गुटीचं रोप म्हणजे त्याच झाडाची फांदी, नव्या पायांवर उभी राहिलेली. अण्णांच्या झाडापासून ते झालं असेल तर बाबा काल अण्णांच्याच झाडाखाली बसले होते.

डाळिंब अगदी योग्य निवडलं, त्याला गुटीने मुळं चांगली फुटतात. पण आत्ता नको. हवा कोरडी आहे, गुटी सुकेल. मृगाचा पाऊस पडू दे. जूनअखेरीस पेन्सिलीएवढ्या जाडीची, वर्षभराची सरळ फांदी निवडा. चाकू धारदार हवा. साधारण इंचभर रुंदीची साल गोल काढा आणि आतला बुळबुळीत थर नीट खरवडा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत, नवख्या हाताचं इथेच चुकतं. मग भिजवून पिळलेलं शेवाळ मूठभर लावा, वरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीने आवळून बांधा. ओल आतच राहते, त्यामुळे मडक्याची गरज पडत नाही. दीड-दोन महिन्यांत पांढरी मुळं बाहेरून दिसायला लागतील. ती तपकिरी व्हायला लागली की गुटीच्या खालून कापून कुंडीत लावा आणि पंधरा दिवस सावलीत ठेवा.

गाठ मारायला धाकटीला बसव. आणि बाबांना हवंच असेल तर मडकंही टांगू दे, पाखरं येतील पाणी प्यायला.